कार्बोरेटरवाली मारुती ८०० आयडलिंगला थरथरते: कारण शोधण्याचा क्रम

गाडी पळताना ठीक असते. सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग थरथरतं, आतला आरसा हलतो आणि पाय काढला की इंजिन बंद पडतं. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की पहिला हात जातो कार्बोरेटरच्या मिक्स्चर स्क्रूकडे, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणाऱ्या स्क्रूकडे. अर्धा फेरा सैल, रेस थोडी वाढवली, गाडी शांत. पंधरा दिवसांत पुन्हा तेच, आणि पेट्रोल मात्र जास्त लागायला लागलेलं.

असं होण्याचं कारण सोपं आहे. फाटलेल्या पाइपातून शिरणारी फालतू हवा, अशक्त ठिणगी, नीट न बसणारा व्हॉल्व्ह, या सगळ्यांवर थोडं जास्त पेट्रोल हे तात्पुरतं पांघरूण घालतं. दोष जागेवरच राहतो, फक्त ऐकू येत नाही. म्हणून या लेखातला एकच हट्ट आहे: मिक्स्चर स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. आधी इंजिनचे माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार), मग हवेची गळती, मग इग्निशन (ठिणगीची यंत्रणा), मग टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) आणि कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब), आणि हे सगळं निर्दोष ठरल्यावरच कार्बोरेटर.

उदाहरण म्हणून कार्बोरेटरवाली मारुती ८०० घेतली आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली ही गाडी एमपीएफआय (संगणकावर चालणारं पेट्रोल इंजेक्शन) येईपर्यंत कार्बोरेटरवरच चालली. इंजिन एफ८बी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. जुन्या ओम्नीतही हेच इंजिन आहे, फक्त ते सीटखाली. पद्मिनीला चार सिलिंडर आणि सोलेक्स कार्बोरेटर. तिचे आकडे वेगळे, पण शोधण्याचा क्रम तोच.

दोष आयडलिंगलाच का दिसतो

रिकाम्या इंजिनला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळपास बंद असतो. सिलिंडरमध्ये शिरणारी हवा अगदी थोडी, त्यात आधीच्या फेऱ्यातला उरलेला धूर मिसळलेला. असं मिश्रण पेटवायला चांगली ठिणगी लागते आणि प्रमाणही नेमकं लागतं. वेगात गाडी खूप हवा ओढते, तेव्हा एखाद्या भेगेतून येणारी जास्तीची हवा त्यात खपून जाते. आयडलिंगला तेवढीच हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा होते. शिवाय आयडलिंगचं पेट्रोल मुख्य जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीतून) येत नाही. त्यासाठी कार्बोरेटरमध्ये केसासारखी बारीक वेगळी वाट असते, आणि कचरा आधी तिथेच अडकतो.

तीन सिलिंडरच्या इंजिनची अंगभूत थोडी थरथर असतेच, हेही लक्षात ठेवा. चार सिलिंडरच्या गाडीतून उतरून ८०० मध्ये बसणाऱ्याला ती दोष वाटते. पण तीनपैकी एक सिलिंडर बंद असेल तर शंका उरत नाही. एक तृतीयांश ताकद गेलेली असते आणि इंजिन अक्षरशः उड्या मारतं.

सुरुवात करण्यापूर्वी

गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीखालच्या कोंदट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, गिअर न्यूट्रल. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि न सांगता सुरू होतो. ओढणी, सैल बाही, घड्याळाचा पट्टा लांब ठेवा. पावडरचा छोटा अग्निशामक हाताशी असावा.

साधनं फार लागत नाहीत: फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), प्लग पाना, मल्टिमीटर, टायमिंग लाइट, इन्सुलेटेड पक्कड आणि शक्य असेल तर व्हॅक्यूम गेज. व्हॅक्यूम गेज स्वस्तात मिळतं आणि या कामात त्याच्याइतकं बोलकं दुसरं काही नाही. टॅकोमीटर (आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, मोजणारं मीटर) वापरताना एक फसवणूक टाळा. साध्या ट्यून-अप मीटरवर बहुतेक वेळा ४, ६ आणि ८ सिलिंडरच्याच खुणा असतात. तीन सिलिंडरची गाडी ४ च्या खुणेवर लावली तर मीटर खऱ्याच्या पाऊणपटच दाखवतो. म्हणजे ६७५ दिसले तर खरे ९०० आरपीएम. हे माहीत नसल्यामुळे कित्येक मारुती ८०० विनाकारण १२०० आरपीएमवर फिरत असतात.

आधी ऐका आणि बघा

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, म्हणजे पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला पाहिजे. चोकची घुंडी पूर्ण आत. बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या तोंडात डोकावा आणि चोकची पाकळी खरंच उभी आहे का पाहा. केबल गंजून अर्धवट अडकलेली पाकळी हा नेहमीचा आजार आहे. दिवे, ब्लोअर, एसी बंद.

आता सायलेन्सरच्या टोकापाशी तळहात धरा. ठरावीक तालावर फुसका ठोका येत असेल तर एक सिलिंडर कायम मिस होतोय: प्लग, वायर, टॅपेट किंवा कंप्रेशन. ठोके अनियमित चुकत असतील तर पॉइंट, कंडेन्सर, कॅप (हे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे भाग) किंवा पातळ मिश्रण. आरपीएम लाटेसारखा वर-खाली होत असेल तर हवेची गळती किंवा आयडलची वाट अर्धवट तुंबलेली. काळा धूर आणि पेट्रोलचा वास असेल तर मिश्रण जाड: फ्लोट, नीडल व्हॉल्व्ह (हे दोन्ही कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखतात), चोक किंवा गच्च भरलेला एअर फिल्टर.

थंड असताना बरी आणि गरम झाल्यावर वाईट, की उलट? थंडीत चोक मिश्रण जाड करतो, त्यामुळे हवेची गळती झाकली जाते. चोक आत ढकलल्यावर ती उघडी पडते. म्हणून "सकाळी छान, नंतर त्रास" असं असेल तर आधी गळतीच शोधा. उलट, गरम झाल्यावर बिघडून काळा धूर येत असेल तर चोक अडकला आहे किंवा फ्लोट चेंबर ओसंडतंय.

गाडीला गॅस किट असेल तर तपासणीचं आयतं साधन हाती आहे. पेट्रोलवर आणि गॅसवर, दोन्हींवर गरम इंजिन ऐका. दोन्हींवर सारखीच थरथरत असेल तर कार्बोरेटर सुटला. दोष इग्निशन, कंप्रेशन किंवा हवेच्या गळतीत आहे. फक्त पेट्रोलवर थरथरत असेल तर पेट्रोलची वाट तपासा. महिनोन्महिने गॅसवर चाललेल्या गाडीचं फ्लोट चेंबर कोरडं पडतं, पॅकिंग आक्रसतात आणि जेटमध्ये वार्निशसारखा थर बसतो, त्यामुळे अशा गाड्यांत हे निदान वारंवार निघतं.

आता माउंट. इंजिन एका तालात फिरतंय पण केबिन थरथरतंय असं असेल तर रबर फाटलेलं किंवा तेलाने फुगलेलं असतं. सहकाऱ्याला क्लच दाबून पहिल्या गिअरमध्ये हँडब्रेकवर क्लच अगदी किंचित सोडायला सांगा आणि तुम्ही गाडीसमोर नव्हे, बाजूला उभे राहून इंजिन पाहा. ते एका बाजूला उचललं जात असेल तर माउंट गेला. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्याने कित्येक निर्दोष कार्बोरेटर उघडले गेलेत.

प्लगच्या वायर काढून बघणे

कोणता सिलिंडर काम करत नाही हे कळलं की अर्धं काम झालं. रेस स्क्रूने (थ्रॉटल किती उघडा राहील ते ठरवणाऱ्या स्क्रूने) आयडलिंग १२०० पर्यंत वाढवा, नाहीतर तीनपैकी एक काढल्यावर इंजिन बंदच पडेल. इन्सुलेटेड पक्कडीने एकेक प्लगची वायर काढा आणि आरपीएम किती पडतो ते टिपा. काढलेली वायर हवेत लोंबकळत ठेवू नका. एक जुना प्लग तिला लावून इंजिनच्या धातूवर टेकवा. मोकळी सोडली तर कॉइल आणि रोटर दोन्हीवर ताण येतो. ज्या सिलिंडरची वायर काढून फरक पडत नाही, तो आळशी.

ज्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, तिथे हे काही सेकंदांतच उरका. चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, त्यामुळे मुंबईत नोंदलेल्या नंतरच्या ८०० मध्ये तो असू शकतो. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते.

आळशी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये घाला आणि पुन्हा तपासा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग बदलायचा. मग तशीच वायरची अदलाबदल. दोन्ही करूनही दोष त्याच सिलिंडरवर राहिला तर टॅपेट, कंप्रेशन किंवा त्या फाट्याजवळची मॅनिफोल्डची (मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळकांड्याची) गळती.

प्लगचा रंग पाहायचा असेल तर आठ-दहा मिनिटं आयडलिंग करून लगेच काढा, हायवेवरून आलेल्या गाडीचा प्लग आयडलिंगबद्दल काही सांगत नाही. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण जाड. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी नाही. तेलकट काळा असेल तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. पांढरट आणि फोड आलेला असेल तर मिश्रण पातळ. गॅप ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवा.

हवेची गळती

आयडलिंगच्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त सापडते आणि सगळ्यात कमी शोधली जाते. कार्बोरेटरच्या खालून, म्हणजे थ्रॉटलनंतर, जिथे जिथे पाइप किंवा पॅकिंग आहे तिथून हवा आत ओढली जाऊ शकते. ती मोजून आलेली नसते, म्हणून तिच्यासोबत पेट्रोल येत नाही.

सुरुवात कानाने करा. एअर क्लीनर काढल्यावर कार्बोरेटरचा आवाज मोठा होतो, म्हणून तो जागेवर ठेवून रबरी नळीचा तुकडा कानाला लावा आणि दुसरं टोक पाइपांवरून फिरवा. सूं असा आवाज जिथे वाढतो तिथे थांबा. मग एकेक व्हॅक्यूम पाइप पक्कडीने, मध्ये कापड धरून, हळूच दाबा. दाबल्यावर इंजिन सुधारलं तर गळती त्या पाइपात किंवा त्याच्या पलीकडच्या भागात आहे. क्रमाने या जागा घ्या.

पीसीव्हीची (इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी: टॅपेट कव्हरकडून मॅनिफोल्डकडे जाणारी. तेलाने मऊ होऊन आतल्या बाजूने चिरते, वरून धड दिसते. हात फिरवून वाकवून बघा.

ब्रेक बूस्टरची नळी, ज्या गाडीला बूस्टर आहे तिथे. आयडलिंगला ब्रेक दाबून धरल्यावर आरपीएम बदलून तसाच राहिला तर बूस्टरचा पडदा फाटलेला. हा फक्त आयडलिंगचा प्रश्न नाही, ब्रेकचा आहे. गाडी तशीच चालवू नका.

डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमने ठिणगीची वेळ पुढे नेणाऱ्या भागाची) नळी आणि पडदा. नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढा आणि जिभेने टोक बंद करा. जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत.

कार्बोरेटरच्या बुडाखालचा काळा इन्सुलेटर ठोकळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पॅकिंग. उष्णतेने ठोकळा वाकतो किंवा त्याला भेग जाते. इथे नट आवळून गळती थांबवायचा मोह होतो, आणि कार्बोरेटरचं बूडच वाकतं. मग नवी पॅकिंगही काम करत नाही. स्टीलची पट्टी उभी धरून बूड तपासा, पट्टीखाली ०.१ मि.मी.चं फिलर गेज सरकत असेल तर सपाट काचेवर एमरी पेपर ठेवून बूड घासून घ्यावं लागेल. मॅनिफोल्डचे नट १८ ते २३ न्यूटन-मीटरवर, मधल्यापासून कडेकडे, दोन टप्प्यांत.

पॅकिंगच्या फटी शोधायला बारीक फवाऱ्याची पाण्याची बाटली घ्या. फटीवर पाणी पडलं की क्षणभर ती बंद होते, आरपीएम बदलतो, कधी पाणी आत ओढल्याचा आवाजही येतो. डिस्ट्रिब्युटर आणि वायरवर प्लास्टिक झाका. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे अधिक स्पष्ट उत्तर देतो, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो पेट घेतो. इंजिन नुकतंच कोमट असताना आणि अगदी थोडाच वापरा. ब्रशने पेट्रोल लावून गळती शोधण्याची जुनी रीत सोडून द्या.

शेवटी थ्रॉटलची शाफ्ट. बोटांत धरून ती आडवी हलवा. हलते आहे हे जाणवत असेल तर तिच्या भोवतीच्या झिजलेल्या भोकातून हवा येते, आणि थ्रॉटल दर वेळी वेगळ्या जागी बंद होतो. याची खूण म्हणजे आयडलिंग लावल्यावर एकदा ८०० आरपीएमला थांबतं, एकदा ११०० ला. कार्बोरेटर दुरुस्तीवाले यात बुश बसवून देतात. जुन्या कार्बोरेटरचं खरं मरण हेच असतं, जेट नव्हे.

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डच्या मोकळ्या तोटीला लावलं तर समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १७ ते २१ इंच पारा दाखवतं. उंचीवर दर ३०० मीटरला सुमारे एक इंच कमी धरा. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे १६-१७ दिसले तर काळजी नको. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग (ठिणगीची वेळ). ठरावीक तालावर झटका घेऊन खाली येत असेल तर एक व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सावकाश डोलत असेल तर मिश्रण. तीन सिलिंडरमध्ये काट्याची बारीक थरथर नेहमीची.

इग्निशन

पावसाळ्यात हा भाग सगळ्यात वर येतो. रात्री दिवे घालवून बॉनेट उघडा, वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारा आणि पाहा. निळसर रेषा धातूकडे उडताना दिसल्या तर वायरचं वेष्टण गेलेलं. कार्बनच्या गाभ्याच्या वायरचा रोध दर मीटरला साधारण १० ते २५ किलो-ओहम असतो. एखादी इतरांपेक्षा फार जास्त दाखवत असेल तर पूर्ण संचच बदला.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून पाहा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका पितळी टोकाकडून दुसऱ्याकडे गेली असेल, तर त्या वाटेने ठिणगी गळते. घासून ती जात नाही, कॅपच बदलावी लागते. मधला कार्बन स्प्रिंगने बाहेर येतो का, रोटरला भेग आहे का, तेही बघा. वायर परत लावताना क्रम १-३-२. तीनच वायर असल्या तरी दोघींची अदलाबदल होते, आणि मग कार्बोरेटरमधून फटाके वाजतात.

पॉइंटवाल्या गाडीत गॅप ०.४ ते ०.५ मि.मी. तो मोजायचा कॅमच्या उंच टोकावर पॉइंटचा फायबर ठोकळा आलेला असताना. पॉइंटवर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा तयार झाला असेल तर फिलर गेज टेकाडावर मोजतं आणि खरा गॅप जास्त निघतो. असे पॉइंट घासत बसण्यापेक्षा बदला. नव्यासारखे दिसणारे पॉइंट महिन्याभरात निळे-काळे पडत असतील तर कंडेन्सर गेला. नवे पॉइंट लावताना फायबर ठोकळ्यापाशी ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका द्या, नाहीतर ठोकळा झिजून गॅप काही दिवसांत बंद होतो. पॉइंटवर ग्रीस लागू देऊ नका. ज्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटऐवजी पिकअप कॉइल आहे, तिथे हवेची फट ०.२ ते ०.४ मि.मी.

पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग बदलतंच: गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. म्हणून क्रम आधी गॅप, मग टायमिंग, उलट कधीच नाही. टायमिंगचा अंश तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलप्रमाणे किंवा बॉनेटवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. टायमिंग लाइट धरल्यावर खूण एका जागी न थांबता नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजलाय. तशा गाडीत पॉइंटचा कोणताच गॅप बरोबर बसत नाही.

टॅपेट आणि कंप्रेशन

घट्ट टॅपेट आवाज करत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. खडखडणारा टॅपेट गाडी आयडलिंगला बिघडवत नाही. गॅप संपलेला बिघडवतो, कारण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजतात तसा गॅप आपोआप कमी होत जातो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोल शिसेविरहित झालं. त्याआधीच्या, विशेषतः पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या वयाच्या इंजिनांत शिशाचं वंगण गेल्यावर ही झीज जास्त दिसते.

एफ८बीला थंड इंजिनवर गॅप ०.१५ मि.मी.च्या आसपास. मॅन्युअलमध्ये इनलेट-एक्झॉस्ट वेगळे दिले असतील तर तेच पाळा. थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन फिरवा. रोटर पहिल्या सिलिंडरच्या टोकाकडे आणि टायमिंगची खूण वरच्या मध्यावर (पिस्टन सगळ्यात वर) आली की पहिल्याचे दोन टॅपेट लावा. मग क्रँक २४० अंश फिरवून तिसऱ्याचे, आणखी २४० अंशांवर दुसऱ्याचे. फिलर गेज किंचित घासत सरकलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासा.

कंप्रेशन गरम इंजिनवर मोजा: सगळे प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, स्टार्टरचे पाच-सहा फेरे. ११ ते १३ किलो प्रति चौरस सें.मी.च्या दरम्यान असेल तर इंजिन चांगलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिघांतला फरक एक किलोच्या आत हवा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकसारखे खाली असतील तर हेड गॅसकेट. तिन्ही सारखे कमी आणि व्हॅक्यूमही कमी असेल तर टायमिंग बेल्ट दात चुकून बसलेला असू शकतो, आणि हे बहुतेक वेळा बेल्ट बदलल्यानंतर लगेच सुरू होतं.

आता कार्बोरेटर

इथवर सगळं ठीक असेल तरच पुढे. पहिली परीक्षा अशी: इंजिन चालू असताना मिक्स्चर स्क्रू हळूच आत फिरवा. इंजिन बसायला लागलं तर आयडलची वाट जिवंत आहे. काहीच फरक पडत नसेल तर इंजिन आयडल जेटवर चालतच नाहीये. कोणीतरी रेस स्क्रूने थ्रॉटल उघडून त्याला दुसऱ्या वाटेने पेट्रोल पाजलंय.

त्याआधी आयडल सॉलेनॉइड (आयडलची वाट विजेवर उघडणारा खटका) असेल तर तो तपासा. इग्निशन चालू-बंद करताना टक् असा आवाज आला पाहिजे. वायर सैल झाल्याने आयडलिंग गेलेल्या गाडीचा कार्बोरेटर पूर्ण उघडला जातो आणि शेवटी दोष एका क्लिपचा निघतो.

आयडल जेट काढून उजेडाकडे धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की तो जेट गेला. क्लीनरमध्ये भिजवा, नायलॉन ब्रशचा केस फिरवा आणि कंप्रेसरची हवा पेट्रोलच्या उलट दिशेने मारा. कार्बोरेटरच्या अंगातल्या वाटांनाही हवा द्या, पण आधी फ्लोट आणि रबरी पडदे काढून ठेवा. हवेच्या दाबाने फ्लोट चेपतो आणि पडदा फाटतो. फ्लोट चेंबरच्या तळाशी पाण्याचे थेंब किंवा पांढरट चूर्ण दिसलं तर टाकीकडेही बघावं लागेल.

चेंबरला काचेची छोटी खिडकी असेल तर पेट्रोलची पातळी तिच्या मध्यखुणेला हवी. पातळी जास्त असेल तर नीडल व्हॉल्व्हचं टोक पाहा. त्यावर गोल कडा उमटली असेल तर रिपेअर किटमधला नवा बसवा. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो बुडतो.

मिश्रण जाड आहे पण कार्बोरेटरमध्ये काहीच सापडत नाही, अशा वेळी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. यांत्रिक फ्युएल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, त्याची वाफ पीसीव्हीतून परत इंजिनात जाते. पीसीव्हीची नळी मॅनिफोल्डकडून काढून तोटी बंद केल्यावर इंजिन सुधारलं तर शंका पक्की. पंप आणि ऑइल दोन्ही बदला. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंग जातात.

ई२० पेट्रोलचाही (त्यात २० टक्के इथेनॉल असतं) हिशेब धरावा लागतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटमधून आलेलं मिश्रण शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ७-८ टक्के पातळ पडतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते भरून काढतो, इथे ते काम स्क्रूवर येतं. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने आतून सुटतात आणि त्यांचे काळे कण जेटमध्ये जाऊन बसतात. नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्या आणि पंपाआधी स्वच्छ फिल्टर ठेवा. कोकणच्या पावसाळ्यात दोन-तीन महिने उभी राहणारी गाडी असेल तर ठेवण्यापूर्वी पंपाची नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे चेंबर रिकामं राहील.

मिश्रण लावणे

एअर क्लीनर जागेवर, इंजिन गरम, पंखा थांबलेला. मिक्स्चर स्क्रू बोटांच्या जोरावर हळूच टेकेपर्यंत आत आणि तिथून दोन फेरे बाहेर, ही सुरुवात. जोराने टेकवला तर टोकावर खाच पडते आणि मग तो कधीच नेमका लागत नाही. इंजिन सुरू करून रेस स्क्रूने ९५० आरपीएमवर आणा. मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा, दर वेळी दहा सेकंद थांबा आणि आरपीएम सर्वांत वर जिथे जातो ती जागा शोधा. रेस स्क्रूने पुन्हा ९५० करा. आता मिक्स्चर स्क्रू आत फिरवत आरपीएम जेमतेम ५० ने पडेपर्यंत आणा आणि तिथेच थांबा. ९०० वर इंजिन एकसारखं फिरलं पाहिजे. स्क्रू पाऊण फेऱ्यापेक्षा आत किंवा चार फेऱ्यांपेक्षा बाहेर लागत असेल तर मागचं एखादं कारण सुटलंय, परत जा.

महाबळेश्वरला सुट्टीवर गेल्यावर गाडी जड वाटली म्हणून तिथे मिश्रण लावू नका. १३०० मीटरवर हवा विरळ, मिश्रण आपोआप जाड होतं. तिथे पातळ केलेली गाडी घाट उतरून आली की पुन्हा थरथरते.

पीयूसीचा कागदही वाचता येतो. बीएस-२ (धुराचे भारत स्टेज-२ नियम) च्या आधीच्या चारचाकीला आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) १५०० पीपीएमची मर्यादा आहे. सीओ कमी पण एचसी खूप जास्त असेल तर पेट्रोल न जळता बाहेर जातंय: मिस होणारा सिलिंडर किंवा हवेची गळती. सीओ जास्त असेल तर मिश्रण जाड. दोन्ही जास्त असतील तर आधी चोक आणि फ्लोट. सीओ एक ते दीड टक्क्याच्या आसपास आणि एचसी काही शेकड्यांत असेल तर स्क्रू बरोबर जागी आहे; त्याच्यावर रंगाचा ठिपका मारून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी फिरवला तर लगेच दिसेल.